सत्तेची वाटणी : संघ, राज्य आणि आपली जिल्हा परिषद

आपल्या राज्यघटनेच्या पहिल्याच अनुच्छेदात भारत हा राज्यांचा संघ आहे असे सांगितले आहे. विद्यार्थी हे वाक्य तोंडपाठ करतात, परंतु त्यातील ‘संघ’ या शब्दापाशी फारसे थांबत नाहीत. परमपूज्य डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी दि. 4 नोव्हेंबर 1948 रोजी घटना समितीपुढे मसुदा मांडताना या शब्दाचा खुलासा केला होता. हा संघ राज्यांनी आपसात करार करून बनविलेला नाही, म्हणून त्यातून फुटून निघण्याचा अधिकार कोणत्याही राज्याला नाही. मात्र राज्यांचे अधिकार ही दिल्लीची मेहेरबानीही नव्हे. ते सातव्या अनुसूचीत लिहून ठेवलेले आहेत.

ब्रिटनमधील व्यवस्था याहून वेगळी आहे. तेथे 1997 च्या सार्वमतानंतर 1998 च्या कायद्याने स्कॉटलंडला विधिमंडळ मिळाले आणि 1999 मध्ये त्याची पहिली निवडणूक झाली. परंतु स्कॉटलंडसाठी कायदे करण्याचा आपला अधिकार लंडनच्या पार्लमेंटने सोडला नाही. उत्तर आयर्लंडची विधानसभा तर 2002 पासून 2007 पर्यंत स्थगितच होती. तरीही एकदा लोकांनी आपले सरकार निवडले की तोल हलतो. त्याच स्कॉटलंडमध्ये 2014 मध्ये स्वातंत्र्यासाठी सार्वमत घ्यावे लागले. सुमारे 55 टक्के मते विरोधात पडली म्हणून ब्रिटन एकसंध राहिले. पुढे 2022 मध्ये तेथील सर्वोच्च न्यायालयाने, लंडनच्या संमतीविना असे सार्वमत घेण्याचा कायदा स्कॉटलंडला करता येणार नाही, असा निर्णय दिला.

आता आपल्याकडे पाहू. महाराष्ट्र राज्याचे स्थान स्कॉटलंडपेक्षा भक्कम आहे, पण आपली जिल्हा परिषद मात्र स्कॉटलंडच्याच रांगेत बसते. कारण स्थानिक स्वराज्य हा राज्यसूचीतील विषय आहे. मुंबईने द्यावे तेवढे जिल्ह्याने घ्यावे! वसंतराव नाईक समितीच्या शिफारशींवरून 1961 चा कायदा झाला आणि 1 मे 1962 पासून जिल्हा परिषदा सुरू झाल्या. त्या कायद्याने आमदार-खासदारांना परिषदेबाहेर ठेवले. हा निर्णय धाडसी होता. त्यामुळे जिल्ह्यात दुसरे सत्ताकेंद्र उभे राहिले, आणि ते वरच्यांना खुपू लागले. 1979 नंतरची निवडणूक एकदम 1992 मध्ये झाली, यावरून काय ते समजावे.

सत्ता खाली गेली म्हणजे ती दुबळ्याच्या हाती गेली, असे मात्र होत नाही. आमच्या मते या विषयाचे मर्म येथे आहे. दि. 6 ऑक्टोबर 1932 रोजी मुंबई कायदेमंडळात ग्रामपंचायत विधेयकावर बोलताना बाबासाहेबांनी हाच धोका दाखविला होता. जातीने विभागलेल्या गावात पंचायतीला न्यायनिवाड्याचे अधिकार देण्यास त्यांचा विरोध होता आणि अस्पृश्यांना पंचायतीत स्वतंत्र जागा हव्यात अशी त्यांची मागणी होती. नाशिककरांना हे वेगळे सांगायला नको. 2 मार्च 1930 रोजी सुरू झालेला काळाराम मंदिराचा सत्याग्रह वर्षानुवर्षे चालला, तो गावाच्या सत्तेशीच होता. पुढे 22 नोव्हेंबर 1948 रोजी के. संथानम यांनी ग्रामपंचायतींविषयीची दुरुस्ती मांडली, तेव्हा बाबासाहेबांनी ती स्वीकारली. तोच आजचा अनुच्छेद 40. पण तो मार्गदर्शक तत्त्वांत राहिला. त्याच्यासाठी कोर्टात जाता येत नव्हते.

1932 ची ती मागणी संपूर्ण देशात लागू व्हायला 1993 साल उजाडले. त्या वर्षी 24 एप्रिलला 73 वी आणि 1 जूनला 74 वी घटनादुरुस्ती अमलात आली. अनुसूचित जाती व जमातींना लोकसंख्येच्या प्रमाणात जागा, स्त्रियांना एकतृतीयांश (महाराष्ट्रात 2011 पासून निम्म्या), आणि दर पाच वर्षांनी निवडणूक. सरपंचपदेही राखीव झाली. सुरगाणा, पेठ, कळवण अशा तालुक्यांतील अनुसूचित क्षेत्रातील ग्रामसभांना 1996 च्या पेसा कायद्याने आणखी अधिकार दिले. म्हणजे संघाच्या घटनेने राज्याला ओलांडून थेट गावातील माणसाला खुर्ची दिली. बलवान केंद्र आणि गावातील दुर्बल यांचे हे नाते केवळ ‘केंद्र विरुद्ध राज्य’ असा विचार करणाऱ्यांच्या लक्षात येत नाही.

पण खुर्चीबरोबर किल्ली आली का? अकराव्या अनुसूचीत 29 विषय आहेत. ते सोपवायचे की नाही हे राज्याच्या इच्छेवर राहिले. जिल्हा नियोजन समितीचे अध्यक्षपद राज्याने 1998 च्या कायद्याने पालकमंत्र्याकडे दिले. पैशाचे तर विचारूच नये. जकात हे नाशिक महापालिकेचे हक्काचे उत्पन्न होते. 2013 मध्ये तिच्या जागी स्थानिक संस्था कर आला, 2015 मध्ये बहुतेक व्यापाऱ्यांना त्यातून सूट मिळाली आणि 1 जुलै 2017 ला वस्तू व सेवा कर लागू झाला. तेव्हापासून महापालिका राज्याच्या भरपाईकडे डोळे लावून बसते. राज्याचीही तीच गत झाली आहे. या कराच्या परिषदेत केंद्राच्या मताचे वजन एकतृतीयांश आणि निर्णयाला तीनचतुर्थांश मते लागतात. विद्यार्थ्यांनी गणित करून पाहावे, केंद्राच्या नकारापुढे सारी राज्ये एकत्र आली तरी भागत नाही.

मार्च 2022 मध्ये नाशिकची महापालिका आणि जिल्हा परिषद या दोन्हींची मुदत संपली. इतर मागासवर्गाच्या आरक्षणाचा खटला आणि प्रभागरचनेचा घोळ यांत निवडणुका अडकल्या आणि दोन्हीकडे प्रशासक बसले. मे 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निवडणुका घेण्याचा आदेश दिला. महापालिकेचे मतदान 15 जानेवारी 2026 रोजी झाले. पाच वर्षांची मुदत घटनेत लिहिलेली असताना जवळजवळ चार वर्षे शहराला एकही नगरसेवक नव्हता. राखीव जागेवरून निवडून येणारी आमची भगिनी त्या काळात नळाच्या किंवा स्मशानभूमीच्या रस्त्याच्या प्रश्नावर सभागृहात उभी राहू शकली नाही. अर्ज घेऊन अधिकाऱ्याच्या दाराशी तिष्ठत राहणे तेवढे तिच्या हाती होते.