साथीला बसणाऱ्याचे भवितव्य

दहावी-बारावीचे निकाल लागले की पालकांची जी पत्रे आमच्या दप्तरी दाखल होतात, त्यांत एक पृच्छा हल्ली नेमाने असते: मुलीचा गळा गोड आहे, आप्तेष्ट वाहवा करतात, सबब एक वर्ष महाविद्यालय बाजूस ठेवून दूरचित्रवाणीवरील गायनस्पर्धेची तयारी करवावी काय? करवू नये. ‘सा रे ग म’ १९९५ साली सुरू झाले. त्यातून पुढे आलेल्या श्रेया घोषालचे नाव प्रत्येक पत्रात असते, परंतु तिच्या बरोबरीने उभ्या राहिलेल्या स्पर्धकांची चार नावे विचारली असता पत्रलेखक निरुत्तर होतो. वडिलांची अपुरी राहिलेली हौस मुलांच्या गळ्यावर कर्जासारखी चढवणे, आणि आवाज फुटण्याच्या वयातल्या मुलाला परीक्षकांच्या टाळीसाठी तारसप्तकात ओरडावयास लावणे, याला उत्तेजन म्हणत नाहीत. तो जुलूम आहे.

रूढ मार्ग सर्वांस ठाऊक आहेत: गांधर्व महाविद्यालय मंडळाची विशारद, विद्यापीठाची पदवी, शाळेतील संगीतशिक्षकाची जागा, आकाशवाणीची स्वरचाचणी. ते आपापल्या जागी योग्यच आहेत.

मला सांगावयाचे आहे ते साथीविषयी, विशेषतः पेटीच्या साथीविषयी. गायक व्हावयास निघालेल्यांची रांग लांब, आणि त्यांच्यातील प्रत्येकास साथीदार हवाच. शिवाय गायक मैफलीत एकदाच गातो, तर चांगला पेटीवादक एकाच महोत्सवात दोन-तीन कलावंतांमागे बसू शकतो, आणि नाट्यसंगीत, अभंग, कीर्तन, भावगीत यांपैकी कोणतेही दार त्यास बंद नसते. विद्या मात्र सोपी नव्हे. आज काळी एक तर उद्या पांढरी चार, अशा कोणत्याही पट्टीत हात तितकाच सहज फिरला पाहिजे. गायकाची जागा उचलावी पण त्याच्या पुढे धावू नये, तो श्वास घेईल तेवढा अवकाश भरावा आणि पुन्हा मागे सरावे, ही मर्यादा अंगी बाणावयास वर्षे लागतात. ज्या पेटीवर आकाशवाणीने १९४० साली बंदी घातली आणि १९७१ पर्यंत ती कायम ठेवली, त्याच पेटीवरील साथीने आप्पा जळगावकरांनी भीमसेन जोशींसारख्यांच्या मैफली रंगवल्या आणि २००० साली संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार मिळवला. ‘संगीत मानापमान’च्या चाली बांधणारे गोविंदराव टेंबे हेही पेटीवादकच होते. तरीदेखील “आमचा मुलगा मागे बसणार?” असे नाक मुरडून विचारणारे पालक मला भेटतात. त्यांना मी अकाउंटन्सीकडे पाठवतो.

आरंभीची काही वर्षे बिदागी तुटपुंजी असते आणि ठरल्या दिवशी हाती पडेल याची हमी नसते, म्हणून शिकवण्या आणि पदवी ही दोन्ही चालू ठेवावीत. पुढील पत्र लिहिण्यापूर्वी पालकांनी एवढे करावे: मुलाला गावातील भजनी मंडळात वर्षभर विनामोबदला पेटीची साथ करू द्यावी, आणि त्या वर्षात त्याचा एकही व्हिडिओ नातलगांना पाठवू नये. वर्षानंतरही तो आपण होऊन रियाजाला बसत असेल, तर अवश्य लिहा. उत्तर सविस्तर देईन.