पाखरांचा हिवताप

कळंबच्या श्रीचिंतामणी मंदिराकडे जाताना असो वा गावातील शाळेच्या वळचणीला, पारवे आणि चिमण्या आपल्या नित्य परिचयाच्या. या पाखरांनाही हिवताप होतो, हे मात्र थोड्यांनाच ठाऊक असेल. किंबहुना माणसाच्या हिवतापाचे कोडे सुटले ते पाखरांमुळेच. डॉ. रोनाल्ड रॉस यांना १८९७ साली सिकंदराबाद येथे डासाच्या जठरात हिवतापाचे परोपजीवी आढळले. पुढील संशोधन त्यांनी १८९८ मध्ये कलकत्त्यास पाखरांवर केले. रोगी चिमणीचे रक्त शोषलेल्या डासाच्या लाळग्रंथीत परोपजीवी पोहोचतात व त्याच्या दंशाने निरोगी चिमणीस लागण होते, हे त्यांनी सिद्ध केले. १९०२ चे नोबेल पारितोषिक त्यांना हिवतापावरील या कार्याबद्दलच लाभले.

पारव्यांच्या रक्तातील हिमोप्रोटिअस हा परोपजीवी निराळा. त्याचा प्रसार डास नव्हे, तर पिसांत दडणारी चपटी, रक्त शोषणारी माशी करते. पुष्कळ पक्षी हा भार सहज पेलतात. हवाई बेटांवरील पक्ष्यांना मात्र हिवतापाचा पूर्वपरिचय नव्हता. तेथे बाहेरून आलेल्या डासांनी कित्येक जाती नामशेष होण्यास हातभार लावला.

पाखरांचा हिवताप माणसास होत नाही. तेव्हा त्या भीतीने घरटी मोडण्याचे कारण नाही. लक्ष पुरवावे ते गटारांकडे. हा रोग पसरविणारा क्युलेक्स डास तुंबलेल्या घाण पाण्यात वाढतो आणि विदर्भास परिचित असलेला हत्तीरोगही तोच पसरवितो. ग्रामपंचायतीने सांडपाण्यासाठी शोषखड्डे घ्यावेत. संडासाच्या वायुनलिकेवर जाळी बांधण्यास तर खर्चही फारसा येत नाही.