पांढरा पट्टा

मुलांनो, कुस्ती, कराटे किंवा ज्यूदो शिकायला कोणत्या वयात सुरुवात करावी? वर्गात हा प्रश्न विचारला, तर कोणी म्हणेल, "आठव्या वर्षी." कोणी म्हणेल, "दहाव्या वर्षी." पण एखादा मुलगा उठून म्हणाला, "माझी आजी पासष्ट वर्षांची आहे. ती परवापासून शिकायला लागली," तर? सगळा वर्ग खो खो हसेल. हसायला हरकत नाही. पण आधी हा पाठ वाचा. मग हसायचे की नाही, ते तुम्हीच ठरवा.

त्यासाठी आपल्याला सिंगापूरला जायचे आहे. नकाशात मलेशिया शोधा. त्याच्या दक्षिण टोकाला अगदी लागून एक लहानसा ठिपका दिसेल. तेच सिंगापूर. ते एक शहर आहे आणि एक देशही आहे. विषुववृत्त तेथून फक्त सुमारे १४० किलोमीटरवर आहे. म्हणून तेथे हिवाळा नाही. वर्षभर ऊन, पाऊस आणि घाम! सूर्य बाराही महिने सकाळी सातच्या सुमारास उगवतो. तेथे चिनी, मलय, भारतीय असे निरनिराळे लोक शेजारी शेजारी राहतात. इंग्रजी, मलय, चिनी आणि तमिळ या चार भाषा तेथे राजभाषा आहेत. कामानिमित्त गेलेली मराठी कुटुंबेही तेथे आहेत. तेथील महाराष्ट्र मंडळात गणेशोत्सव साजरा होतो.

ऊन चढण्यापूर्वी आपण तेथील वनस्पती उद्यानात जाऊ. हे उद्यान १८५९ साली सुरू झाले. २०१५ साली त्याला जागतिक वारसा म्हणून मान मिळाला. मोठ्या झाडांखाली काही माणसे रांगेत उभी आहेत. कोणाचे केस पांढरे, कोणाच्या डोळ्यांवर जाड चष्मा. सगळ्यांचे हात एकदम वर येतात, सावकाश खाली जातात. एक पाय पुढे पडतो. अंगाचा भार हळूच त्या पायावर येतो. कोणी बोलत नाही, कोणी घाई करत नाही. पाण्यातून चालावे तशी ही माणसे हालचाल करतात.

तुम्हांला वाटेल, हा एखादा नाच असावा. नाही बरे का! ही लढण्याची कला आहे. तिचे नाव ताईची. ती चीनमधून आली. वर जाणारा तो हात समोरच्याचा वार अडवतो. पुढे पडणारे ते पाऊल त्याचा तोल घालवते. फक्त सराव सावकाश करायचा असतो.

सिंगापुरात अशी दृश्ये केवळ उद्यानातच दिसतात असे नाही. तेथील बहुतेक लोक सरकारने बांधलेल्या उंच इमारतींत राहतात. त्यांतील अनेक इमारतींचा तळमजला भिंती न घालता मोकळा ठेवलेला असतो. त्या सावलीतही माणसे व्यायामाला जमतात. वस्तीवस्तीतील समाजकेंद्रांत वर्ग चालतात. कोठे ताईची, कोठे कराटे, तर कोठे मलय लोकांची सिलाट ही कला शिकवतात. २०२४ साली सिंगापूरच्या दर पाच नागरिकांपैकी जवळजवळ एक जण पासष्ट किंवा त्याहून अधिक वर्षांचा होता. मग या रांगांत पांढरे केस दिसले, तर नवल ते काय?

पण या वयात ही माणसे लढायला कोणाशी निघाली? चोराशी? शत्रूशी? नाही. त्यांचा सामना रोज होतो तो ओल्या फरशीशी, जिन्याच्या पायरीशी आणि रस्त्याच्या कडेच्या उंचवट्याशी.

हे नीट समजण्यासाठी एक लहानसा प्रयोग करा. भिंतीजवळ उभे राहा. जवळ मित्राला उभे करा. आता एक पाय उचला आणि वीस अंक मोजा. सोपे आहे ना? आता डोळे मिटून तेच करा. पाहा, अंग कसे डुलू लागते! उभे राहताना आपल्याला तीन मदतनीस लागतात. डोळे आजूबाजूचे दाखवतात. कानाच्या आतील एक नाजूक भाग आपण कोणीकडे कलतो ते कळवतो. तळपाय आणि सांधे जमिनीची खबर देतात. या तिघांचा निरोप मिळताच मेंदू पायांच्या स्नायूंना हुकूम सोडतो आणि आपण सावरतो. तुम्ही डोळे मिटलेत, म्हणजे एका मदतनिसाला सुट्टी दिलीत.

वय वाढते तसे हे तिन्ही मदतनीस थकतात. नजर कमी होते. पायांतील बळ घटते. हुकूम पोहोचायला वेळ लागतो. तुम्ही मैदानात पडता, गुडघ्याची धूळ झटकता आणि पुन्हा पळता. आजोबा पडले, तर मांडीचे हाड मोडू शकते. मग महिनोन्‌महिने अंथरूण धरावे लागते. एकदा पडलेल्या माणसाच्या मनात भीती बसते. भीतीमुळे ते चालणे कमी करतात. चालणे कमी झाले, की पाय आणखी दुबळे होतात. दुबळे पाय पुन्हा पाडतात. असे हे दुष्टचक्र आहे.

ताईची हे चक्र तोडायला मदत करते. गुडघे किंचित वाकवून उभे राहिल्याने मांड्यांना बळ येते. भार एका पायावरून दुसऱ्या पायावर सावकाश नेल्याने तोल सांभाळण्याची सवय होते. १९९६ साली अमेरिकेतील अटलांटा शहरातील एका प्रयोगाची माहिती प्रसिद्ध झाली. सत्तर वर्षे आणि त्यापुढील २०० माणसांनी त्यात भाग घेतला होता. त्यांचे तीन गट केले होते. एका गटाला १५ आठवडे ताईची शिकवली. त्या गटातील माणसांचा वरचेवर पडण्याचा धोका जवळजवळ निम्म्याने कमी झाला. ही माणसे तरुण झाली नव्हती; त्यांचे पाय मात्र पुन्हा शिकले होते.

ताईचीचे जुने प्रकार लांबलचक आहेत. ते पाठ व्हायला फार दिवस लागतात. म्हणून १९५६ साली चीनमध्ये चोवीस हालचालींचा एक सोपा प्रकार तयार करण्यात आला. आज जगभर अनेक नवशिके त्यापासूनच सुरुवात करतात.

आता ज्यूदोकडे पाहू. ही कला जपानमधील जिगोरो कानो या शिक्षकांनी १८८२ साली सुरू केली. ज्यूदो म्हणजे समोरच्याला पाडण्याची कला, असे आपण समजतो. पण ज्यूदोच्या वर्गात आरंभी काय शिकवतात, ठाऊक आहे? स्वतः कसे पडावे ते! हनुवटी छातीशी घ्यायची, म्हणजे डोके आपटत नाही. पाठ गोल करायची. हाताने गादीवर जोरात थाप मारायची. त्यामुळे पडण्याचा मार एकाच जागी न बसता पसरतो. आपल्या तालमीतही वस्ताद आधी माती उकरायला लावतात. तांबड्या मातीत तेल, ताक, हळद घालून ती मऊ करतात. पडणाऱ्याला लागू नये, ही काळजी तेथेही आहेच. मोठ्या वयाचा शिष्य प्रथम बसल्या जागेवरून पडायला शिकतो, मग उकिडवे बसून, आणि जमले तरच उभ्याने. तुम्ही मात्र शिक्षकांवाचून आणि गादीवाचून हे करून पाहू नका.

ज्यूदोत नवीन आलेल्याच्या कमरेला पांढरा पट्टा असतो. शिक्षण वाढत जाते, तसा पट्ट्याचा रंग बदलतो. रांगेतील जागा ठरते ती शिक्षणावरून. म्हणून लहानमोठे एकत्र शिकत असतील, तर दहा वर्षांची मुलगी रांगेत पुढे आणि साठ वर्षांचे गृहस्थ शेवटी, असेही घडते. ते गृहस्थ एखाद्या कचेरीत मोठे साहेब असतील. तेथे सगळे त्यांना विचारून काम करत असतील. येथे मात्र ते दहा वर्षांच्या मुलीकडे पाहून पाय कसा टाकायचा ते शिकतात.

सांगा पाहू, मोठ्या माणसांना यांतील सर्वांत अवघड काय वाटत असेल? गुडघे दुखणे? धाप लागणे? ते तर असतेच. पण त्याहून अवघड असते ते "मला येत नाही" असे चारचौघांत कबूल करणे.

हे अवघड काम करून दाखवणाऱ्या एका माणसाची गोष्ट ऐका. त्यांचे नाव हुआंग शेंग श्यान. त्यांचा जन्म १९१० साली चीनच्या फुजियान प्रांतात झाला. लहानपणीच ते 'पांढरा करकोचा' नावाची लढण्याची कला शिकू लागले आणि पुढे तिच्यात तरबेज झाले. नंतर ते तैवानला गेले. तेथे त्यांना चेंग मान-चिंग हे ताईचीचे गुरू भेटले. हुआंग तेव्हा चाळिशीच्या आसपास होते. स्वतःची विद्या त्यांच्या हाती होती. "आता मला काय शिकायचे राहिले?" असे ते म्हणू शकले असते. पण ते चेंग यांचे शिष्य झाले आणि उभे कसे राहावे, येथपासून पुन्हा शिकू लागले. १९५० नंतरच्या दशकात ते सिंगापूरला आले. सिंगापूर आणि मलेशियात त्यांनी अनेकांना ताईची शिकवली. १९७० साली, वयाच्या साठाव्या वर्षी, मलेशियातील कुचिंग शहरात त्यांचा एका नामवंत कुस्तीगिराशी जाहीर सामना झाला. हुआंग जिंकले. त्यांचे १९९२ साली निधन झाले. पण त्यांची पद्धत आजही शिकवली जाते.

हुआंग यांच्यासारखे यश प्रत्येकाला मिळेल असे नाही. साठाव्या वर्षी सुरुवात करणारे आजोबा देशाचे विजेते होणार नाहीत. तुम्ही एका आठवड्यात शिकाल, त्याला त्यांना कदाचित दोन महिने लागतील. त्यांचे अंग लवकर आखडते आणि दुखणे लवकर जात नाही. म्हणून त्यांनी आधी डॉक्टरांना विचारावे, अंग हळूहळू गरम करावे, उड्या आणि झटके टाळावेत आणि दुखले की थांबावे. पण त्यांच्याजवळ एक गोष्ट असते, ती तुमच्याजवळ थोडी कमी असते. ती म्हणजे धीर! एकच हालचाल पन्नास वेळा करायला सांगितली, तर तुम्ही कंटाळता. ते मात्र एक्कावन्नाव्या वेळीही मन लावून करतात. ताईचीला असाच विद्यार्थी हवा असतो.

आता पुन्हा तुमच्या वर्गातील त्या मुलाकडे वळू. त्याची आजी संध्याकाळी घराच्या गॅलरीत सराव करत असेल. हात वर जाईल, तोल जाईल, ती गजाला धरून सावरेल. त्या वेळी घरात कोणी फिदीफिदी हसले, तर काय होईल? आजी रागावणार नाही. "पुरे झाले, हे काय माझे वय आहे?" असे म्हणून ती आत जाईल आणि दुसऱ्या दिवसापासून सराव बंद होईल. ओली फरशी आणि जिन्याची पायरी तेथेच राहतील.

आणि कोणी तिच्याजवळ जाऊन म्हणाले, "आजी, मलाही दाखव ना," तर? आजी पुन्हा पाय उचलेल. तुम्हीही उचलाल. तुमचाही तोल जाईल, आणि मग दोघेही मिळून हसाल. हे हसणे निराळे, नाही का?

तुम्ही चालायला शिकत होता, तेव्हा कितीदा पडलात ते तुम्हांला आठवत नाही. पण घरच्यांना आठवते. तेव्हा त्यांनी तुमचे बोट धरले होते. आता त्यांच्यापैकी कोणी नव्याने पहिले पाऊल टाकत असेल, तर बोट पुढे करण्याची पाळी तुमची आहे.

स्वाध्याय

प्र. १. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) सिंगापूरमध्ये हिवाळा का नसतो?
(आ) ज्यूदोच्या वर्गात आरंभी काय शिकवतात?
(इ) १९५६ साली चीनमध्ये काय तयार करण्यात आले?

प्र. २. थोडक्यात उत्तरे लिहा.
(अ) उभे राहताना आपल्याला कोणते तीन मदतनीस लागतात? ते काय काम करतात?
(आ) एकदा पडलेला वृद्ध माणूस पुन्हा पडण्याचा संभव का वाढतो?
(इ) हुआंग शेंग श्यान यांनी अवघड असे कोणते काम केले?

प्र. ३. कारणे लिहा.
(अ) तालमीतील माती मऊ करतात.
(आ) दहा वर्षांची मुलगी रांगेत पुढे आणि साठ वर्षांचे गृहस्थ शेवटी उभे राहतात.

प्र. ४. वाक्यात उपयोग करा.
तरबेज होणे, अंथरूण धरणे, तोल जाणे, धाप लागणे.

उपक्रम : तुमच्या घरातील किंवा शेजारच्या वडीलधाऱ्या माणसाने मोठ्या वयात कोणती नवी गोष्ट शिकली, ते त्यांना विचारा. शिकताना त्यांना काय अवघड वाटले आणि कोणी मदत केली, हे पाच-सहा ओळींत लिहा.