चित्रपोथी आणि चलच्चित्र

सिंधुदुर्ग जिल्ह्यात कुडाळनजीक पिंगुळी नावाचे गाव आहे. तेथील ठाकर समाजाच्या कलावंतांनी चित्रकथीची परंपरा पिढ्यानपिढ्या जतन केली आहे. रामायण-महाभारतातील एकेका आख्यानाची चित्रे सुट्या कागदांवर रंगवून त्यांची पोथी केलेली असते. कथेकरी एकेक चित्र श्रोत्यांसमोर धरतो, वीणा, टाळ आणि हुडूक यांच्या साथीने तो प्रसंग गाऊन सांगतो आणि मग पुढचे चित्र घेतो. चित्र स्थिर असले तरी गाण्याच्या ओघात ते हलल्याचा भास होतो. ॲनिमेशनने पुढे यंत्राच्या साह्याने जे केले, त्याची कल्पना येथे फारशी दूर नाही.

चित्रपट आला तेव्हा मात्र रामकथा प्रथम नटांच्या हाती गेली. दादासाहेब फाळके यांच्या १९१७ मधील ‘लंकादहन’मध्ये अण्णा साळुंके यांनी राम आणि सीता या दोन्ही भूमिका केल्या होत्या. नट कितीही गुणी असला तरी त्याचा देह हा अखेर ओळखीच्या माणसाचाच देह असतो. हीच अडचण पुढे एका जपानी दिग्दर्शकाला जाणवली.

युगो साको १९८३ मध्ये भारतात आले, ते पुरातत्त्वज्ञ बी. बी. लाल यांच्या उत्खननांविषयीच्या माहितीपटासाठी. रामकथेने ते इतके भारावले की जपानी भाषेतील तिची दहा रूपांतरे त्यांनी वाचून काढली. राम हा देव असल्याने नटापेक्षा रेखाटनातूनच तो दाखविणे उचित, असे त्यांचे मत झाले. परंतु परदेशी मंडळी रामायणाला हात लावीत आहेत, अशा समजुतीने एका संघटनेने जपानी वकिलातीकडे हरकत नोंदविली. गैरसमज दूर झाल्यावरही विषय नाजूक असल्यामुळे शासनाचे सहकार्य मिळू शकले नाही. ‘कार्टून’ या शब्दाशी आपल्याकडे थट्टेचा संबंध जोडला गेला आहे. त्यामुळे ही भीती अगदीच अनाठायी होती असे म्हणता येत नाही. अखेरीस चित्रपटाची निर्मिती जपानमध्ये झाली.

तरीही भारतीय हात त्यात राहिले. राम मोहन १९५६ मध्ये मुंबईच्या फिल्म्स डिव्हिजनच्या कार्टून विभागात दाखल झाले होते आणि डिस्ने संस्थेत काम केलेल्या क्लेअर वीक्स यांच्याकडे शिकले होते. साको आणि कोइची सासाकी यांच्यासह ते या चित्रपटाचे दिग्दर्शक झाले. सुमारे साडेचारशे कलावंत कामाला होते. धोतर कसे नेसतात, वडीलधाऱ्यांचा आशीर्वाद कसा घेतात, हे जपानी चित्रकारांना भारतीय सहकाऱ्यांनी समजावून दिले. अशी बारीकसारीक गोष्ट चुकली असती, तर राम परकाच वाटला असता. डोळ्यांच्या ठेवणीत जपानी वळण उरलेच. ते कोणाला खटकते, कोणाला नाही.

संगीत वनराज भाटिया यांचे होते. मुंबईत जन्मलेल्या आणि लंडन व पॅरिस येथे पाश्चात्त्य संगीत शिकलेल्या या संगीतकाराने वसंत देव यांच्या संस्कृत गीतांना चाली दिल्या. मूळ चित्रपटाचे संवाद इंग्रजीत, तर गीते संस्कृतात! अर्थ न समजणाऱ्या प्रेक्षकालाही त्या शब्दांचे गांभीर्य जाणवते. हा प्रयोग धाडसी होता आणि तो साधला, असे म्हणावे लागते.

ॲनिमेशनमध्ये संगीताचा हिशेब विशेष काटेकोर असतो. पडद्यावर सेकंदाला २४ चौकटी सरकतात. तीनतालाची मात्रा एक सेकंदाची धरली, तर १६ मात्रांच्या एका आवर्तनात ३८४ चौकटी बसतात. एक चित्र दोन चौकटींसाठी वापरले तरी १९२ चित्रे काढावी लागतात. चित्रकथीचा गायक श्रोत्यांचा कल पाहून एखादे चित्र हवे तितका वेळ धरून ठेवू शकतो. येथे ती मोकळीक मुळीच नाही. समेवर बाण सुटायचा, तर त्याची चौकट आधीच मोजून ठेवावी लागते.

‘रामायण : द लेजेंड ऑफ प्रिन्स राम’ हा चित्रपट जानेवारी १९९३ मध्ये दिल्लीच्या आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवात दाखविण्यात आला. त्याला बहुसंख्य प्रेक्षक लाभले ते नंतर, दूरचित्रवाणीमुळे. हिंदी आवृत्तीत रामाला अरुण गोविल यांचा आणि रावणाला अमरीश पुरी यांचा आवाज होता. २४ जानेवारी २०२५ रोजी तो भारतातील चित्रपटगृहांत पुन्हा प्रदर्शित झाला. साको २०१२ मध्ये, राम मोहन २०१९ मध्ये आणि भाटिया २०२१ मध्ये निवर्तले होते.