नाडीचा रकाना

गणित पडद्यावरून शिकवता येते, हे २०२० साली करोनाच्या साथीत शाळा बंद झाल्या तेव्हा आपण सर्वांनी पाहिले. पण शारीरिक शिक्षणाचे काय? शिक्षक एका गावी, विद्यार्थी दुसऱ्या गावी. मैदान नाही, शिट्टी नाही. मग मुलाने व्यायाम खरोखरच केला, की नुसते 'केला' असे लिहून पाठवले, हे ओळखायचे कसे?

प्रश्न साथीच्या आधीचा आहे. अमेरिकेत १९९७ साली सुरू झालेल्या 'फ्लोरिडा व्हर्च्युअल स्कूल' या संगणकावरून शिकवणाऱ्या शाळेच्या विषयांत आरोग्य व शारीरिक शिक्षणही आहे. अशा अभ्यासक्रमांत विद्यार्थी घरी व्यायामाची नोंदवही ठेवतो. तिच्यातला सर्वांत बोलका रकाना म्हणजे नाडीचा.

नाडीच का? स्वस्थ बसलेल्या मोठ्या माणसाचे हृदय मिनिटाला सुमारे ७० ठोके देते आणि दर ठोक्याला सुमारे ७० मिलिलिटर रक्त पुढे ढकलते. गुणाकार करा : मिनिटाला जवळजवळ ५ लिटर. धावताना स्नायूंना जास्त प्राणवायू लागतो, म्हणून हृदयाला हा पुरवठा कित्येक पटींनी वाढवावा लागतो आणि ठोके भराभर पडू लागतात. नियमित व्यायामाने मात्र हृदयाचा एकेक ठोका मोठा होतो. ठोक्याला १०० मिलिलिटर रक्त जाऊ लागले, तर तेच ५ लिटर ५० ठोक्यांत भागते! लांब पल्ल्याच्या धावपटूंची नाडी विश्रांतीत इतकी मंद असते, ती यामुळेच.

आता प्रयोग करू या. मनगटावर, अंगठ्याच्या बाजूला, तर्जनी व मधले बोट हलके टेकवा. अंगठ्याने नाडी पाहू नका. अंगठ्यालाही स्वतःचे ठोके असतात आणि तेच मोजले जाण्याचा संभव असतो. पाच मिनिटे शांत बसून १५ सेकंदांतील ठोके मोजा व त्यांना ४ ने गुणा. नंतर जिन्याच्या सर्वांत खालच्या पायरीवर तीन मिनिटे एकसारख्या तालात चढ-उतार करा. थांबताच पुन्हा मोजा; मग एक, दोन व तीन मिनिटांनी मोजा. (दमा किंवा हृदयविकार असलेल्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय हे करू नये. चक्कर आली किंवा छातीत दुखले, तर कोणीही लगेच थांबावे.)

नाडी किती चढली यापेक्षा ती किती लवकर उतरली, हे पाहणे अधिक उपयोगाचे. १९४३ साली प्रसिद्ध झालेली 'हार्वर्ड स्टेप टेस्ट' याच तत्त्वावर उभी आहे. तीत २० इंच उंचीच्या बाकावर मिनिटाला ३० वेळा, जास्तीत जास्त पाच मिनिटे चढ-उतार करायची असते. ती तरुण पुरुषांसाठी बेतलेली होती. तुम्ही तिच्या वाटेला जाऊ नका. पायरी तीच, ताल तोच, वेळही तीच ठेवून दर आठवड्याला नोंद करा. तुलना शेजारच्या मुलाशी नको, आपल्याच मागच्या आठवड्याशी करा. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० सालच्या मार्गदर्शनानुसार ५ ते १७ वर्षांच्या मुलांनी रोज सरासरी ६० मिनिटे मध्यम ते जोराची हालचाल करावी. तेवढी करून पाहा आणि दोन महिन्यांनी आकडे काय म्हणतात ते वाचा.

मोजण्यात एक ठोका चुकला की उत्तरात ४ चा फरक पडतो, हे ध्यानात ठेवा. तेव्हा ८४ चे ८० झाले म्हणून लगेच हुरळून जायला नको.

आणि शिक्षकांसाठी एक गंमत. १५ सेकंदांचे ठोके ४ ने गुणले, तर उत्तराला ४ ने भाग गेलाच पाहिजे. नोंदवहीत ओळीने ९०, ११०, ९५, १३० असे आकडे दिसले, तर त्या दिवशी जिन्याची पायरी बहुधा कोरडीच राहिली!