आधी हाड, मग पीस : पिंजऱ्यातल्या लेअर कोंबड्यांना पुन्हा उभं करताना

अंड्यांच्या फार्मवरचा लॉट म्हातारा झाला की चिकनच्या दुकानांकडे निघतो. त्यातल्या चार-सहा कोंबड्या सोडवून परसात आणणाऱ्यांसाठी ही कृती आहे. आपल्याकडे त्या बहुधा पांढऱ्या, बीव्ही-३०० जातीच्या असतात. मान उघडी, पाठ आणि शेपटी झडलेली, तुरा फिका. बघणाऱ्याचा जीव त्या पिसांसाठी तुटतो, पण खरी झीज आत झालेली असते. ही कोंबडी वर्षाला तीनशेच्या आसपास अंडी देते. एका टरफलाला सुमारे २ ग्रॅम कॅल्शियम लागतं, आणि खाद्यातून पुरलं नाही की ते हाडांतून निघतं. त्यात तारेच्या पिंजऱ्यात चालणं नाही, उडणं नाही. म्हणून क्रम ठरवून घ्या : आधी हाड आणि पोट, पिसं त्यानंतर.

जागा त्या येण्याआधीच तयार हवी. भाताचं तूस किंवा लाकडाचा भुसा तीन-चार इंच पसरा, आणि तो कोरडाच राहील असं बघा. जाळी मुंगूस आणि मांजर शिरणार नाही इतकी बारीक आणि घट्ट असू द्या. या कोंबड्यांना संकट आलं की पळायचं असतं हेही ठाऊक नसतं. घरी गावठी कोंबड्या असतील तर नव्यांना तीन-चार आठवडे लांब ठेवा. भांडी आणि चपलासुद्धा वेगळ्या. मानमोडीसारखा रोग इकडून तिकडे जायला तेवढंही पुरतं. ज्या फार्मवर मरतूक चालू आहे तिथून एकही पक्षी आणू नका, कितीही दया आली तरी.

आणताना पाय धरून उलटं लटकवायचं नाही. पंख धरूनही उचलायचं नाही. ठिसूळ हाड तेवढ्यानं मोडतं. दोन्ही हातांनी पंख अंगाशी मिटून धरा आणि छातीखाली आधार द्या. प्रवास पहाटे किंवा ऊन उतरल्यावर, हवेशीर क्रेटमधून.

पहिल्या दिवशी पाणी सगळ्यांत महत्त्वाचं. फार्मवर त्या निपलमधून पाणी प्यायलेल्या असतात, त्यामुळे समोरचं भरलेलं भांडं त्यांना पाणी वाटतच नाही. पाण्यावर बोटानं टकटक करा, एकीची चोच हलकेच बुडवा. एक प्यायली की बाकीच्या बघून शिकतात. खाद्य फार्मवर होतं तेच, म्हणजे लेअरचा भरडा. चोच छाटलेली असल्यानं त्यांना जमिनीवरचे दाणे नीट टिपता येत नाहीत; खोलगट भांड्यात भरडा जाड थरानं द्या. संध्याकाळी त्या आपणहून खुराड्यात जाणार नाहीत. आठवडाभर उचलून आत ठेवावं लागेल.

आता हाडं. लेअर खाद्यात साधारण ३.५ ते ४ टक्के कॅल्शियम असतं, ते बंद करू नका. शिवाय शिंपल्यांचा चुरा वेगळ्या वाटीत ठेवा, जिला हवा ती खाईल. सकाळचं कोवळं ऊन द्या. बसायला दांडी सुरुवातीला वीतभर उंचीवरच, कडा गोल केलेली. उंचावरून उडी मारली की छातीचं हाड दुखावतं. लंगडणारी कोंबडी वेगळी ठेवून पाणी-खाद्य तिच्या तोंडाशी द्या आणि पशुवैद्यांना दाखवा. सरकारी मदतीचा टोल फ्री क्रमांक १९६२ आहे.

पिसांकडे वळण्याआधी त्वचा नीट बघा. जिथं पीस मुळापासून उपटलं गेलं आहे तिथं नवं पीस लवकर फुटतं, काही आठवड्यांत कोंब दिसू लागतात. पण जिथं काडी तुटून खुंट उरला आहे तिथं तो खुंट गळेपर्यंत, म्हणजे पुढची पीसगळ होईपर्यंत काही उगवत नाही. त्यामुळे एकाच कोंबडीची मान भरते आणि शेपटी महिनोन्महिने बोडकी राहते. घाबरू नका, आणि खुंट तर मुळीच उपटू नका.

फार्मवर दिवसाला १६ तासांपर्यंत उजेड देऊन अंडी चालू ठेवतात, आणि अंडी चालू तोवर पिसं बदलणं लांबतं. घरी रात्रीचा बल्ब लावू नका. दिवस लहान झाले की अंडी कमी होतील, थांबतीलही. ही विश्रांती तिच्या हक्काची आहे. अंड्याच्या लोभानं ती मोडू नये असं मी अगदी आग्रहानं सांगेन.

पीस म्हणजे जवळजवळ सगळं प्रथिनच. या काळात भरड्याच्या जोडीला थोडा बिनमिठाचा सुका जवळा, उकडलेलं अंडं किंवा अळ्या द्या. सोबत शेवग्याचा पाला, लसूणघास. कच्चं सोयाबीन नको. बुरशी धरलेली शेंगदाणा पेंड किंवा मका तर विषच. शिळ्या भात-पोळीनं पोट भरतं, पीस येत नाही.

नव्या पिसांच्या सुयांत रक्त असतं. त्या दुखऱ्या असतात, म्हणून या दिवसांत कोंबडीला कमीत कमी हाताळा. कुठं रक्त दिसलं की तिला लगेच वेगळी करा, कारण बाकीच्या त्यावरच टोचतात. परदेशात अशा कोंबड्यांना विणलेले स्वेटर घालतात. तसं करू नका : खाली उवा वाढतात, सुया घासल्या जातात, धुळीत लोळता येत नाही. थंडीत कोरडं तूस आणि वाऱ्याला आडोसा पुरतो. उन्हाळ्यात उघडी त्वचा भाजते, तेव्हा दाट सावली हवीच.

कोरडी माती, वाळू आणि चाळलेली राख घमेल्यात ठेवा. काही दिवसांत त्यांना आपोआप लोळायचं सुचतं. आठवड्यातून एकदा गुदद्वाराभोवती आणि पंखांखाली बघा. पिसांच्या बुडाशी पांढरे पुंजके म्हणजे उवांची अंडी. शेतातलं कीटकनाशक किंवा रॉकेल लावू नका. औषध आणि जंताचा डोस पशुवैद्यांकडूनच घ्या, आणि त्यानंतर अंडी किती दिवस खायची नाहीत तेही विचारा. कोंबडी पेंग्विनसारखी ताठ उभी राहत असेल, पोट फुगलं असेल, तर अंडं आत अडकलेलं असू शकतं; त्याच दिवशी दाखवा.

गावठी कोंबड्यांत सोडायचं ते सुया उमलून पिसं पसरल्यावरच. आधी आठवडाभर मधे जाळी ठेवा. मग संध्याकाळी एकत्र सोडा, आणि खाद्याची भांडी दोन-तीन ठिकाणी मांडा, म्हणजे दुबळी कोंबडी उपाशी राहणार नाही.