लॉकफाइल काढू नका

प्रश्न : मिहानमधल्या एका छोट्या कंपनीत मी काम करते. लॅपटॉपवर बिल्ड होतो, पण गिटहब ॲक्शन्सवर ‘पीएनपीएम सापडत नाही’ म्हणून अडतो. लॉकफाइल काढली की जमेल, असं सहकारी म्हणतात. काढू का?
– एक वाचक, नागपूर

उत्तर : नका काढू. दोष लॉकफाइलचा नाहीच, त्यामुळे घाबरू नका. गिटहब दर वेळी कोरं मशीन देतं. त्यावर नोड आणि एनपीएम असतं, पीएनपीएम नसतं. ते बसवण्याची पायरी वर्कफ्लोत घाला आणि नोडच्या पायरीआधी ठेवा. कॅश चालू असेल तर नोडची पायरी पीएनपीएमच शोधते. आवृत्ती पॅकेज-जेसनमधल्या ‘पॅकेज मॅनेजर’ नोंदीतच लिहा. वर्कफ्लोत दुसरी लिहिलीत तर बिल्ड पुन्हा अडेल. पीएनपीएम नको असेल तर एनपीएमची ‘सीआय’ आज्ञा आहे, पण मग लॉकफाइलही एनपीएमचीच हवी.

लॉकफाइल मात्र जपाच. सप्टेंबर 2025मध्ये ‘चॉक’, ‘डीबग’सारख्या लोकप्रिय पॅकेजांच्या घातक आवृत्त्या एनपीएमवर आल्या होत्या. लॉकफाइल नसेल तर अशी नवी आवृत्ती तुमच्या बिल्डमध्ये आपोआप शिरू शकते. शिवाय सुरक्षेसाठी पीएनपीएम 10पासून पॅकेजांच्या इन्स्टॉल-स्क्रिप्ट आपोआप चालत नाहीत. गरजेच्या तेवढ्यांनाच परवानगी द्या.